मोठी डिस्क आणि तात्यांच्या ओव्या

कऱ्हाटी, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

थकलो. बारामतीला जाऊन हार्डडिस्क आणली. दोन जीबी की चार, यातच दुपार गेली. सोबत आलेल्या आबांनी, माझ्या वडिलांनी, दोन्ही डिस्क हातात तोलल्या. वजन सारखंच.

"मोठीच घे. मेंढरं कोंडायची जाळी आमी कधी मोजून घेतली न्हाय. कोकरं व्हत्यातच."

घरी कॉम्प्युटरमधली जुनी काढून मोठी बसवली. आबा म्हणाले, "आता लाव तात्याच्या ओव्या."

तात्या, माझे चुलते, उन्हाळ्यात गेले. त्यांच्या ओव्या मी माइक लावून जुन्या डिस्कवर घेतल्या होत्या. दिवाळीत जागा पुरेना, म्हणून पुसल्या. लग्नपत्रिकांच्या फॉन्टसाठी! ओव्या होत्या तेव्हाही त्या जुन्या डिस्कचं वजन एवढंच असणार.

कसं सांगू?

"नव्या डिस्कला जरा वेळ लागतो," म्हणालो.

आबा खुर्ची ओढून बसलेत. अजून तिथंच आहेत.