वाटीवरची शीग

२६ सप्टेंबर, शुक्रवार
स्टेशनजवळून वजनकाटा आणला. सईचा हट्ट. बंगळूरला दर दिवाळीत लेकीची चकली तेलात पडली की हसते, तुकडे तुकडे. "आईच्या भाजणीचं सगळं ग्रॅममध्ये पाठवा बाबा. तिची वाटी केवढी, माझी केवढी!" नयना म्हणाली, "माझ्या हाताचं कसलं वजन करताय?" चाळीस वर्षं तीच पितळी वाटी, वर मुठीनं रचलेली शीग – डाळ ओघळायच्या बेतात येईपर्यंत.

दक्षानं तिला पलंगावर बसतं केलं. (दक्षा धाकट्या डहाणूहून कामाला येते.) नयनानं चणाडाळ भरली. १८२ ग्रॅम. पण मी गणिताचा मास्तर, एका मोजणीवर थोडाच विश्वास ठेवतोय! रोज एकदा, चार दिवस, मग सरासरी.

२७ सप्टेंबर
१७४. काटा भिकार निघाला.

२८ सप्टेंबर, रविवार
१६१. नयनावर ओरडलो. "रोज वेगळं कसं येतं? नीट भर ना!"

दुपारी काट्यावर अर्ध्या किलोची साखरेची पुडी ठेवून बघितली. बरोबर ५००. म्हणजे काटा ठीक. वाटी तीच, डाळ तीच. उरला तिचा हात. मनगट थरथरत होतं, मूठ अर्धीच भरत होती – आणि मी मूर्ख शेजारी बसून आकडे लिहीत होतो. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, जपा. मी नुसत्या गोळ्या मोजून दिल्या.

भीती वाटली. रात्रभर डोळा लागायचा नाही. सईला फोन करून सगळं सांगितलं. रडली. म्हणाली, बुधवारी पोचते. नयना आतून ऐकत असावी.

२९ सप्टेंबर, सोमवार
१८२! पहिल्या दिवसाइतकं, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. मी आंघोळीहून येईपर्यंत वाटी भरून तयार होती बाईसाहेबांची. आनंदानं दोनदा चहा प्यायलो.

सईला लगेच कळवलं – आई सुधारतेय, धावपळ करू नको, दिवाळीला सावकाश ये. नयना म्हणाली, "आता तरी झोपा नीट."

झोपतो.

२ ऑक्टोबर, दसरा
नयना पहाटे गेली.

१६ ऑक्टोबर
परवा तेरावं झालं. सई आज परत गेली. दरवेळी पिशवीभर चिकू नेते, या वेळी नेले नाहीत. दारात म्हणाली, "बाबा, बुधवारी आले असते तर बोलले असते हो तिच्याशी."

मी तो आकडा बघूनच नको म्हटलं होतं.

१७ ऑक्टोबर
दक्षा डबे घासताना थांबली. "सर, रागवू नका. त्या सोमवारची वाटी मी भरली. काकी बोलल्या – सर झोपत नाहीत गं, भर शिगेपर्यंत."