भिंतीवरची बशी

३ जानेवारी

आलो एकदाचा! सियुदाद देल एस्तेमध्ये तीन घरांतून मला हाकललं, आणि कारण तिन्ही ठिकाणी एकच: आवाज. बिटकॉइन काढायचं मशीन म्हणजे अष्टौप्रहर घोंघावणारं मोहोळ. शेवटची घरमालकीण म्हणाली होती, तुझं भाडं तुलाच लखलाभ, मला माझी झोप दे. विल्यारिकाबाहेरच्या या गल्लीत मात्र नव्या घरमालकाने, काराय रेमिहियोने, किल्ली हातात देतानाच सांगितलं, ‘बिनधास्त लाव रे क्रिस्पुलो. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला शेजारीणबाई, न्या पोर्फिरिया. ऊस बोलत नाही आणि ती तक्रार करत नाही.’ माणूस गमत्या आहे. आल्या आल्या गार तेरेरे पाजला, बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा.

माझं भांडवल म्हणजे बंद पडलेल्या गोदामातून भंगाराच्या भावात उचललेली तीन मशिनं. एक मेलेलंच होतं, ते सुट्या भागांसाठी. उरलेली दोन माझ्या कानांवर चालतात. शाळेत मी टिकलो नाही, बाजारात रेडिओ खोलत मोठा झालो, पण पंखा कुठे दुखतोय ते मी ऐकून सांगतो. पंख्याच्या सुरात शीळ घालायची. सूर जुळला तर बेअरिंग ठीक, थरथरला तर काढा बाहेर. नवं घ्यायची ऐपत नसलेल्याचे कान तिखट हवेत. ही दोन चालली, तर पुन्हा दुसऱ्याच्या ओट्यावर बसायची पाळी येणार नाही. मागच्या खोलीत फळी ठोकली, वायरी ओढल्या, बटण दाबलं. काय गोड गरजली दोघं!

५ जानेवारी

शेजारणीकडे गेलो. इथल्या रिवाजाप्रमाणे फाटकाशी उभा राहून तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, पण बाई अंगणात पाठमोरी बसून मांदियोकाचे कंद सोलतेय आणि वळून बघायला तयार नाही. म्हटलं, मोठा तोरा दिसतो. मग सहज मान वळली तशी एकदम हसली, चीज घातलेली गरम चिपा रोटी दिली, खुर्ची दिली. बोलते मात्र अशी की अख्ख्या गल्लीला बातमी कळावी.

तिच्याकडेही एक मशीन आहे! माझ्या मशिनांसारखंच, त्याच बनावटीचं. भाचा ब्युनोस आयर्सला जाताना ठेवून गेला, म्हणे. त्याच्यावर धूळ बोटभर, आणि तरी एकसुरी, झोपलेल्या मांजरासारखं चालतं. माझी दोन्ही दुपारी उन्हं चढली की तापून बंद पडतात. तिचं पडत नाही.

८ जानेवारी

आजही पडलं नाही. भर दुपारी पत्रा तडतडतोय, कुत्री ओल्या मातीत पसरलीत, माझी मशिनं गप्प, आणि भिंतीपलीकडून तिचं ते गुरगुर गुरगुर. माझी भाकरी दुसऱ्याच्या ताटात पडल्यासारखं वाटतं.

मी तिला विचारलं, गार कसं ठेवता? म्हणाली, ‘तुझी मशिनं जीभ काढलेल्या कुत्र्यांसारखी आडवी पडतात, मला काय विचारतोस?’ वर सांगते, दुपारी झोपत जा काराय, दुपार आपली नसते. मी म्हटलं, न्या पोर्फिरिया, जग झोपलं तेव्हाच मी चार पैसे कमावले. ती माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती.

१० जानेवारी

आज सगळी गल्ली वामकुक्षीला गेल्यावर भिंतीवरून उतरून तिची खोली बघून आलो. जादा पंखा नाही, झाडाची सावली नाही. मशीनच्या मागच्या तोंडाशी, जिथून तापलेली हवा यायला हवी तिथे हात धरला. नदीकाठच्या पहाटेसारखी गार.

परतताना आमच्या सामायिक भिंतीवर, तिच्या बाजूला, मधाची बशी दिसली. ती रोज दुपारी ठेवते, हे आता लक्षात आलं. तासाभराने पाहिलं तर बशी लख्ख, चाटून पुसल्यासारखी. एक मुंगी नाही.

११ जानेवारी

बशी माझ्या बाजूला घेतली. चोरी नव्हे. भिंत दोघांची, मी फक्त वीतभर सरकवली.

१२ जानेवारी

दोन्ही मशिनं दुपारभर चालली! मागून गार झुळूक येतेय. बशी माझ्या बाजूला, लख्ख.

मधेच मागच्या मशीनमागून एक बारीक शीळ ऐकू आली. म्हटलं, गेलं बेअरिंग. सवयीने त्याच सुरात शीळ घातली. जराही थरथर नाही. इतका शुद्ध सूर मी कुठल्या पंख्यातून ऐकला नव्हता. खूश होऊन पुन्हा घातली. पुन्हा उत्तर आलं.

आणि तिचं मशीन बंद पडलं. खोटं कशाला लिहू? माझी चालली त्याहून मोठा आनंद तिचं पडल्याचा झाला.

१४ जानेवारी

रेमिहियोला म्हटलं, यंदा रातकिडे लवकर गेले. तो म्हणाला, ‘कानात बोळे घातलेस का? बोंबलून जीव खातायत.’ मला एकही ऐकू येत नाही.

मग गमतीत त्याला शिळेचं सांगितलं. तेरेरेचा पेला तोंडाशी नेता नेता तो तसाच थांबला. उत्तर तर नाही ना दिलंस, विचारलं. मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, भर दुपारी उसातून एक जण शीळ घालत फिरतो, जाग्याला ओढून नेतो. त्याच्याच शिळेमागे न्या पोर्फिरिया सात वर्षांची असताना अशाच एका दुपारी झोपेतून उठून उसात गेली. संध्याकाळी सापडली ती अंगभर वेली गुंडाळलेली, तोंडाला मध लागलेली. तेव्हापासून ठार बहिरी. समोरच्याच्या ओठांवरून ओळखते.

म्हणून टाळ्या. म्हणून तक्रार नाही. आणि माझे हे तिखट कान!

पुढचा पेला न घेताच तो उठून गेला.

१५ जानेवारी

कोंबडा आरवताना दिसला. मान ताणली, चोच उघडली. आवाज नाही.

न्या पोर्फिरियासमोर बसलो, सगळं कबूल केलं. ती ओरडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, ‘मध मशीनसाठी होता असं वाटलं तुला? तो मशीनमागे सावलीला बसायचा, म्हणून ते गार. माझ्याकडून न्यायला त्याला काही उरलं नाही, आणि त्याची शीळ मला ऐकू येत नाही. म्हणून मी त्याला माझ्याकडे गुंतवून ठेवला होता, म्हणजे गल्लीतली बाकीची दारं सुटतील. तू कशाला जळलास रे?’

तिने बशी परत तिच्या बाजूला ठेवली. स्वतःच्या हाताने मध ओतला.

१६ जानेवारी

तिच्या बशीत मुंग्यांचा थर. मध तसाच.

शीळ माझ्याकडे.

तिने बशी उचलली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती काय म्हणाली ते मला तिच्या ओठांवरून ओळखावं लागलं. इतक्या वर्षांत त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

१७ जानेवारी

आता समजलं. मी तिच्या गारव्यावर जळलो. हा माझ्या कानांवर जळतो. त्याच्या शिळेखेरीज दुसरं काही मी ऐकलेलं त्याला खपत नाही. रातकिडे नेले, कोंबडा नेला, रेमिहियोचं हसणं नेलं. आज पंखे — पाती फिरताना दिसतात, हाताला वारा लागतो. कानात काहीच नाही. कुठला दुखतोय, कसं सांगू? माझ्याकडे दुसरं होतं काय?

१८ जानेवारी

बसस्टँडवर गेलो. बॅग घेऊन. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर — शीळ. उतरलो.

वीज तोडली. वायरी उपटल्या. मशिनं गार. मागून वारा येतोच आहे.

१९

तिच्या फाटकाशी टाळ्या वाजवल्या. मला माझ्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत. तिलाही नाही. दोघंही बहिरे. ती पाठमोरीच, मीही पाठ फिरवून परत —

दुपार. सगळे झोपलेत. मी दार लावलंय.

ओठांवर गोड लागतंय. मी मधाला हात लावलेला नाही.

मशीनमागे नाही आता. टेबलापाशी. कानाशी. मी उत्तर देणार नाही. ओठ दातांखाली धरलेत, रक्त आलंय, तरी शीळ थांबत नाही, आणि हा सूर मी ओळखतो, जराही थरथर नाही, हा तर माझ्याच ओठां—