उपड्या चुलीचं गाव

१२ जानेवारी
अक्का, तुझे गुडघे कसे आहेत? प्रभंजनचा खोकला बसला का? विमलाची शुगर? भावजींचा तो हट्टी दात पडला की अजून नांदतोय? इथं फोन लागत नाही, म्हणून ही रोजनिशी तुलाच लिहितो. नागव्वा अळणावरच्या बाजाराला जाईल तेव्हा तिच्यासोबत पाठवीन.

तुझी लेक स्मृती मजेत आहे. तिच्या उत्खननावरची पोरं संक्रांतीला घरी गेली; उरलो आम्ही दोघं आणि खोदायला येणारी नागव्वा. दोनशे वर्षांमागं कंपनी सरकारनं इथला साग तोडला, साखळीनं रान मोजलं आणि गाव उठवलं. त्यातली एक चूल आज मातीखाली सापडली. तीन दगड, तिन्ही उपडे, काजळी खाली. लॅमिंग्टन रोडवर चाळीस वर्षं भांडी विकली, पण चूल अशी पालथी कधी बघितली नाही.

पोरीला सुखरूप परत आण म्हणालीस. आणतो, काळजी करू नकोस.

१३ जानेवारी
उपडी चूल बघवेना. स्मृती फोटो काढून जेवायला गेली, तेव्हा दगड सुलटे केले, हळद-कुंकू वाहिलं आणि नव्या घरात घालतो तसं दूध उतू घातलं. स्मृती भडकली. म्हणाली, मामा, हे उत्खनन आहे, तुझ्या दुकानाची शाखा नव्हे! मग हसलीही. नागव्वा हसली नाही. म्हणाली, अण्णा, गाव सोडून जाताना इथल्या माणसांनीच चूल निजवली होती. तुम्ही घर भरलंत. आता घरची माणसं कोण?

१५ जानेवारी
सकाळी चुलीत राख गरम. परवाच्या दुधानंतर मी पेटवली नव्हती, स्मृतीनंही नाही. नागव्वा कामाला आली नाही. आणि वनखात्यानं लावलेली निलगिरीची झाडं दिसत नाहीत. त्या जागी साग, दोघांच्या कवेत न मावणारे.

१७ जानेवारी
आम्ही आलो तो जीपचा रस्ता आता ओढ्यापाशीच संपतो. पलीकडं नुसतं रान.
स्मृती त्या चुलीवर नाचणीची भाकरी थापते. तुझ्याकडं तर चहासुद्धा करत नव्हती. चल म्हटलं, तर म्हणाली, घर सोडून कुठं जायचं?

१८ जानेवारी
दगड पुन्हा उपडे करायला गेलो. हात भाजले. स्मृतीनंच ढकललं मला, अक्का. ओळख नसल्यासारखं बघत होती. माझी चूक, सगळी माझीच —

१९ जानेवारी, दुपार
कुऱ्हाडी. सकाळपासून. आता साखळीचा खळखळाट, अगदी जवळ — गाव उठवायला येताहेत — आणि ती चुलीपासून हलत नाही.
नागव्वा ओढ्यापलीकडं उभी आहे. हाका मारतोय, तिला ऐकू जात नाहीत. वही तिच्याकडं फेकतो.
स्मृती म्हटलं तर वळत नाही. पाळण्यात असताना तू तिच्या कानात एक नाव घ्यायचीस, कुणाला सांगितलं नाहीस — ते लिहून नागव्वासोबत पाठव. लवकर लिही, अक्का. त्या नावाला तरी ती —