कपाटामागच्या तीन काचा

३ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

एजंट घर पाहून गेला. अर्धं सामान काढा, भिंती फिक्या रंगवा आणि गिऱ्हाईक आलं की जरा हसतमुखाने दार उघडा, असं बजावून गेला. पहिली दोन कामं जमतील. पुढच्या खोलीत रंगाचा वास डोक्यात जातो, म्हणून सध्या मागच्या खोलीत अंथरूण टाकतो.

घर विकायचं आणि तुझ्या गल्लीत दोन खोल्या घ्यायच्या, एवढं डोळ्यांपुढे ठेवून हात चालवतोय. पण काल मागच्या खोलीतलं बाबांचं कपाट हलवलं आणि मागची भिंत दिसली. खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत तडा गेलाय. त्यावर आडव्या चिकटवलेल्या तीन काचेच्या पट्ट्या, प्रत्येकीखाली बाबांच्या अक्षरात तारीख. त्यांची गवंडीकामातली रीत तुला आठवत असेल. काच शाबूत तर भिंत जागेवर, काच तडकली तर भिंत सरकतेय. दोन तडकल्यात. पहिलीखालची तारीख तू सातवीत होतीस तेव्हाची. तिसरी ते गेले त्या वर्षीची, ती अजून शाबूत आहे.

कपाटाला कुणी हात लावला की ते का खेकसायचे, ते आता कळलं. मला भीती वाटते, ताई. काय करू ते लगेच कळव.

तुझ्या लोभातला,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

झुरळ दिसलं की तू पलंगावर चढून बसायचास, तेव्हा तड्याला घाबरलास यात नवल नाही. जुन्या घरांना तडे असायचेच. पुट्टी भर, रंगाचे दोन हात दे आणि एजंटपुढे अवाक्षर काढू नकोस.

बाबांचा स्वभावच काळजीचा. मी सातवीत असताना त्यांनी माझी खाट त्या खोलीतून स्वयंपाकघरात आणली. मुंग्या झाल्यात म्हणाले. सहा महिने मी फोडणीच्या वासात अभ्यास केला.

माझी भीती वेगळी आहे. तू तिथे एकटा, आजारी पडलास तर पाणी द्यायला कुणी नाही. त्या विचाराने घास उतरत नाही. तेव्हा घर लवकर विक आणि ये.

आहे ती माया अशीच ठेव.
ताई

१८ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. तडकलेल्या काचा काढल्या, तडा बुजवला, रंग दिला. तिसरी काच काही निघेना, तिच्यावर कॅलेंडर टांगलं.

काल एक जोडपं आलं. बाईंना सातवा महिना. मागच्या खोलीत त्यांनी भिंतीला तळवा लावला आणि म्हणाल्या, इथे गारवा आहे, पाळणा इथेच ठेवू. त्याच वेळी कॅलेंडरमागे टक् झालं. खिळा हलला असेल, असं नवरा म्हणाला. रविवारी व्यवहार ठरवायला येतो म्हणून ती दोघं निघाली. मी कॅलेंडर उचललं. तिसरी काच सरळ दुभंगली होती.

चपला न घालता त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावलो. परत आणलं, रंग खरवडून सगळं दाखवलं. नवरा खूप बोलला, मी खाली मान घालून ऐकलं. बाई मात्र खोलीभर नजर फिरवत होत्या. जाताना एवढंच विचारलं की, तुम्ही स्वतः कुठे झोपता? माझी वळकटी त्या भिंतीलाच टेकवलेली होती.

तुझा शब्द मोडला. रागावलीस तरी पत्र पाठव.

धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मागच्या खोलीत झोपतोस हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी वाचलं आणि पुट्टीचं सांगत बसले. एका परक्या बाईला जे विचारावंसं वाटलं, ते मला सुचलं नाही.

आणखी एक सांगते. खाट हलवली तेव्हा मी सगळी जमीन शोधली होती. एकही मुंगी नव्हती. बाबा माझ्याकडे न बघताच खाट ओढत होते, म्हणून मी काही विचारलं नाही. पुढे मोठी झाल्यावर त्या मुंग्या मी खऱ्याच धरून चालले.

घर विकलं जावो न जावो, पत्र मिळताच वळकटी उचल आणि इकडे ये. माझ्या स्वयंपाकघरात तुझी खाट घातली आहे. शेजारी विचारतील, तर सांग, मागच्या खोलीत मुंग्या झाल्यात.

वाट पाहणारी,
ताई