बिगुलचा पत्ता

मी, सुभद्रा ईश्वर गजभिये, वय सदुसष्ट पूर्ण, मूळ राहणार जिल्हा भंडारा, गेली एकतीस वर्षे लखनऊकर, सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून दफ्तरी म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी कालच दिला, आणि ज्याला तो पुरेसा वाटत नसेल त्याने मला सन सत्तावन्नपासूनच्या कोणत्याही फाईलचे कपाट विचारावे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावा! हृदय मात्र ठिकाणावर नाही, आणि जिना चढू नका असे डॉक्टर म्हणतात. माझ्या घराला जिनाच नाही हे त्यांना सांगितले, तर म्हणाले, "माताजी, फिर भी." त्या 'फिर भी'मुळे हा कागद लिहायला घेतला.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढेही करणार नाही. एकदा लिहिलेले फिरवायची मला सवय नाही, आणि वकील रिझवी साहेबांकडचा चहा फार गोड असतो.

कलम पहिले. माझ्यामागे बुद्धवंदना म्हणावी, आलेल्यांना जेवू घालावे आणि कामाला लागावे. तेराव्याबिराव्याची भानगड नको. जेवणात वांग्याची भाजी आमच्याकडच्यासारखी तिखट करावी. इथली पाहुणेमंडळी हाय-हाय करतील, करू द्यावी.

कलम दुसरे. पोस्टातली बचत नातीच्या शिक्षणाला. माझी चार पातळे आणि जरीची एक साडी सूनबाई प्रतिमाला. प्रतिमा, ती साडी तू तीनदा "आई, छान आहे हो" म्हणालीस आणि तीनदा मी ऐकू न आल्यासारखे केले. आता घे.

कलम तिसरे. पितळेची मोठी घंटा शेजारी बाबूराव यांना द्यावी. बाबूराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीचे, माणूस वाईट नाही, पण एक्याऐंशी साली त्यांनी नगरपालिकेत अर्ज टाकला होता की गजभिये बाईंनी राहत्या वस्तीत प्राणिसंग्रहालय उघडले आहे. अर्जात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. इन्स्पेक्टर आला, बकरीने त्याच्या हातातला कागद खाल्ला, प्रकरण मिटले. पुढे त्याच बाबूरावांच्या मुलीला घरमालकाने बिऱ्हाड हलवायला लावले, तेव्हा तिचे दोन ससे भिंतीवरून माझ्याकडे कोणी दिले? बाबूरावांनीच. "वहिनी, तेवढे दहा-पंधरा दिवस," असे म्हणताना मान खाली होती. ससे सव्वादोन महिने राहिले आणि खुशाल परत गेले. म्हणून घंटा देते आहे. ती त्याच बकरीच्या गळ्यातली. वाजली की आठवण यावी.

आता बाबूरावांना प्राणिसंग्रहालय वाटलेली गोष्ट काय आहे ते नीट लिहिते, कारण पुढची सगळी कलमे त्यावर उभी आहेत.

माझे यजमान ईश्वर रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. एकाहत्तर साली ते गेले. क्वार्टर त्यांच्या नावावर होते, ते सोडावे लागले. आलमबागचे हे घर तेव्हा नुसत्या भिंती होते, वर पत्रासुद्धा नव्हता. मला ओसरी द्यायला चार जण तयार झाले. पण माझ्याबरोबर आमची बकरी चंद्री होती, आणि बकरीचे नाव काढले की चारही जणांना आपली ओसरी लहान वाटू लागे. "बेच दो ना, बहनजी." ईश्वरांनी हाताने पाला चारून वाढवलेली ती बकरी होती. नवरा गेला, घर गेले, आता तीही विकू? शेवटी आमच्या कचेरीत झाडूकाम करणाऱ्या गयाबाईने तिला नेले. चार महिने ठेवली, रोज संध्याकाळी मला येऊन भेटू दिले, आणि माझ्या घरावर छत चढले त्या दिवशी दोरी माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुझी होती, तुझीच आहे." त्या दिवशी मी रडले. ईश्वर गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

तेव्हापासून ज्याचे छप्पर गेले त्याचे जनावर मी ठेवते. कोणाची बदली, कोणाचा नवरा वारला, कोणाला घरमालकाने काढले, कोणाची भिंत पावसात बसली. माणसे कुठेतरी सामावतात, जनावरासकट कोणी घेत नाही. मी जनावर पाळत नाही, सांभाळते. मालक तोच राहतो. रेकॉर्ड रूममध्ये जन्म घालवलेली बाई मी, म्हणून पहिल्या दिवसापासून आवक-जावक रजिस्टर ठेवले. जनावराचे नाव, मालकाचे नाव, काय खाते, कोणत्या हाकेला येते, कधी नेणार. शिवाय मालकाचे एक जुने, न धुतलेले कापड सोबत हवेच, त्याशिवाय आवक नाही. त्या कापडावर जनावर पहिल्या रात्री झोपते.

आजपर्यंत एकसष्ट जनावरे आली. सत्तावन्न परत गेली. तीन आत्ता घरात आहेत: बिगुल नावाचा कुत्रा, घरमालकाने काढलेल्या कमलाचा पोपट लाटसाहब, आणि एक मांजर, जी दिवसभर झोपून असते. राहिले एक. त्याच्याबद्दल पुढचे कलम.

कलम चौथे. आवक-जावक रजिस्टर, दोन्ही खंड, सरला हिला द्यावे. सरला सध्या बख्शी का तालाबला राहते, तिथल्या एका शाळेत स्वयंपाक करते.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत तिचा नवरा गेला आणि क्वार्टर सुटले. ती झाशीला भावाकडे निघाली, आणि बताशा नावाची पांढरी कुत्री माझ्याकडे ठेवून गेली. लिहितावाचता येत नव्हते, त्यामुळे पत्र नाही, निरोप नाही. आमच्या रेकॉर्ड रूमचा नियम असा, की वर्षभर कोणी विचारपूस केली नाही तर फाईल बंद करायची. वीस वर्षे मी तसेच केले होते. त्याच वर्षी निवृत्त झाले, पण नियम अंगातून निवृत्त झाला नव्हता. वर्ष भरले. मी रजिस्टरात लाल शाईने रेघ मारली आणि बताशा एका भल्या कुटुंबाला देऊन टाकली. त्यांची बदली झालेली होती, ते दुसऱ्या दिवशी गुवाहाटीच्या गाडीत बसले.

सहाव्या दिवशी सरला दारात उभी. हातात नव्या खोलीची किल्ली. ती मला आधी दाखवायला आणली होती.

मी तिला नियम सांगितला. हो, मी खरेच सांगितला, तोंडाने! तिने बताशाबरोबर ठेवलेले आपले जुने लुगडे तेवढे मागितले, घडी केली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मी गुवाहाटीला तीन पत्रे टाकली, एकाचेही उत्तर नाही.

दोन वर्षांनी सरला परत आली. मला वाटले, आता बोलेल. ती म्हणाली, "दीदी, तुमच्याकडे गर्दी झाली असेल तर दोन माझ्याकडे द्या. मला अंगण आहे." तेव्हापासून दर हिवाळ्यात ती माझी निम्मी जनावरे नेते. लिहायलाही शिकली, माझ्याच रजिस्टरावर. मी माफी मागितली की विषय बदलते. म्हणून इथे मागते, कारण मेलेल्या माणसापुढे विषय बदलता येत नाही. सरला, माझी चूक झाली. रजिस्टर तुला, कारण तू कोणाचीही फाईल बंद करणार नाहीस.

कलम पाचवे. घर.

घर माझा मुलगा जगदीश याला. जगदीश पुण्याला असतो, चांगल्या हुद्द्यावर आहे. गेल्या महिन्यात त्याने लिहिले, "आई, हजरतगंजचा एक व्यापारी घर घ्यायला तयार आहे, तू इकडे ये, मात्र फ्लॅटमध्ये जनावरे चालत नाहीत." बाळा, तुझे चुकत नाही. पण तू लहानपणी चंद्रीला भेटायला रोज माझ्याबरोबर गयाबाईकडे चालत यायचास, आणि निघताना तुला ओढून आणावे लागायचे. तेवढे आठव आणि पुढचे वाच.

घर तुझे, पण मागची खोली, पडवी आणि अंगण यांत सदाशिव निकम यांना हयातभर राहण्याचा हक्क राहील, आणि सदाशिव व बिगुल या दोघांपैकी एकही हयात असेपर्यंत घर विकता येणार नाही. मी कुत्र्याच्याच नावाने खोली करणार होते. रिझवी साहेब म्हणाले, "मोहतरमा, कुत्ते के नाम जायदाद नहीं होती." मग ज्याचा कुत्रा त्याच्या नावाने केली.

सदाशिवभाऊ साताऱ्याकडचे. एअर फोर्सच्या मेसमध्ये आचारी होते. बिगुल हे पिलू त्यांना मेसच्या मागे सापडले. पहाटेच्या बिगुलाबरोबर केकाटायचे म्हणून हे नाव. आजही पहाटे पाच म्हणजे पाच. बाबूरावांनी त्याबद्दलही एक अर्ज लिहून ठेवलेला आहे, टाकलेला नाही. निवृत्तीनंतर भाऊंनी खोली घेतली, ती ब्याऐंशीच्या पावसात कोसळली. आता चारबागच्या एका हॉटेलात स्वयंपाक करतात आणि तिथेच कोठीत पोत्यांवर झोपतात. कोठीत कुत्रा चालत नाही. 'कधी नेणार' या रकान्यात त्यांनी लिहिले आहे: आठ दिवसांत. त्याला चार वर्षे झाली. मी तो शब्द खोडलेला नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बिगुलला त्यांची चाल कोपऱ्यावरून कळते. येतात, त्याला आंघोळ घालतात, माझी मोरी घासतात, नको म्हटले तरी घासतात. त्र्याऐंशीच्या पावसात मी म्हटले, भाऊ, मागची खोली रिकामी आहे, इथेच पडा. तर म्हणाले, "वहिनी, कुत्र्याला ठेवलंत ह्येच लई झालं. आता मलाबी ठेवलंत, तर त्याला न्यायला मी कुठनं येऊ?" बिगुल आता अकरा वर्षांचा आहे, मागचा पाय ओढतो. आठ दिवस संपायची वाट बघायला त्याच्याकडे वेळ नाही. माझ्याकडेही नाही.

जिवंतपणी ते ऐकत नाहीत, म्हणून मेल्यावर सांगते आहे. आणि नकाराची वाटही बंद करते: सदाशिवभाऊंनी खोली नाकारली, तर बिगुलचा ताबा बाबूरावांकडे जाईल. बाबूरावांना हे ठाऊक नाही. कृपया आधी सांगू नये.

सरलाने रजिस्टरात नवी नोंद घालावी. क्रमांक बासष्ट, आवक: सदाशिव निकम. काय खातात: सगळे, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत. कोणत्या हाकेला येतात: बिगुलच्या. कधी नेणार: रकाना कोरा ठेवावा.

कलम सहावे, आणि शेवटचे. हे कलम आत्ता, सही करायच्या आधी, रिझवी साहेबांना थांबवून लिहीत आहे.

आज साक्षीदार लागणार हे मी भाऊंपुढे बोलून बसले होते. आज मंगळवार. ते दाढी करून, इस्तरीचा शर्ट घालून, हॉटेलातून रजा काढून आले. माझे दोन साक्षीदार, राजाराम आणि मीनाक्षी, आधीच बसले होते. भाऊंनी पेन हातात घेतले. रिझवी साहेबांनी रकाने दाखवले: नाम, वालिद का नाम म्हणजे वडिलांचे नाव, पता. पहिले दोन भाऊंनी तोंडाने सांगितले. तिसऱ्यावर थांबले. "पत्ता काय लिहू?" इतके हळू विचारले की मलाच ऐकू आले. मी काही बोलणार, तेवढ्यात वकील म्हणाले, "नहीं नहीं, आप नहीं. आप गवाह नहीं हो सकते." भाऊंनी पेन टोपण लावून टेबलावर ठेवले, "बरं," म्हणाले आणि बाहेर गेले. आत्ता पायरीवर बसले आहेत, आमच्याकडे पाठ करून. बिगुल त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडला आहे. मला इथून दोघांच्या पाठी दिसतात आणि जीव तुटतो. उठून सांगावेसे वाटते. पण आज सांगितले तर आजच नाही म्हणतील.

सदाशिवभाऊ, हा कागद वाचला जाईल तेव्हा तुम्ही ऐकत असाल. त्या दिवशी तुम्हाला उठवले, ते पत्ता नव्हता म्हणून नव्हे. ज्याच्या पदरात काही पडायचे, त्याने त्याच कागदावर साक्ष घालू नये, पुढे कोणी शंका काढतो, एवढेच कारण. तुम्ही चार वर्षे येत राहिलात, याची साक्षीदार मी आहे. त्या रकान्यात काय लिहायचे ते आता लिहून घ्या: सदाशिव निकम, मागची खोली, घर नंबर ११७/४, आलमबाग, लखनऊ. बिगुल चार वर्षांपासून याच पत्त्यावर आहे.

वरील सर्व मी वाचले, मला मान्य आहे, आणि एकही शब्द खोडलेला नाही.

सही: सुभद्रा ईश्वर गजभिये

साक्षीदार पहिला: राजाराम मेश्राम, घर नंबर ११७/९, आलमबाग, लखनऊ. (सही)

साक्षीदार दुसरी: कु. मीनाक्षी वासनिक, शिक्षिका, घर नंबर १०२, आलमबाग, लखनऊ. (सही)

स्थळ: आलमबाग, लखनऊ.
दिनांक: १४ ऑक्टोबर १९८६. तारीख मुद्दाम निवडली आहे. का, ते नागपूरकडच्या माणसाला सांगायला नको.