माणसाची वीत

६ ऑक्टोबर
आज आलेला माल: लांबी एक डबा (फटीत भरायची लांबी, मोजायची नव्हे), बारा. फेल्टच्या पट्ट्या, एक गुंडाळी, एकवीस. कोळसा चार पोती, एकशे साठ. त्यातलं एक पोतं ओलं निघालं, वाळत घातलं आहे. लोकर आठ लडी, चौसष्ट. लोकर जरा जास्त झाली, पण हा राखाडी रंग कोणी घेईना म्हणून दुकानदाराने भाव उतरवला. गोणपाट किराणावाल्याकडून फुकट, वासासकट. एकूण दोनशे सत्तावन्न.

हे म्हणाले, लढाई आहे का कुठे? म्हटलं, आहेच. यंदाचा हिवाळा आई माझ्याकडे काढणार.

आई असते दादाकडे. छातीने नाजूक. दर वर्षी मी म्हणायचं, या खेपेला माझ्याकडे, आणि दर वर्षी वहिनीचं पत्र यायचं: वन्सं, तुमची माया कळते हो, पण तुमच्या घरात गारठा फार. यंदा तिने काय मनात आणलं कोण जाणे, नोव्हेंबरअखेर दादा आईला घेऊन येईल म्हणून लिहिलं. अट एकच, खोली उबदार हवी.

उबदार म्हणजे काय ते मी दाखवते. देवाला सांगितलं, यात माझा काडीचा स्वार्थ नाही. वहिनीला जरा दिसावं, एवढंच.

९ ऑक्टोबर
सगळा गारठा खिडक्यांतून येतो, हे मी शोधून काढलं. उपाय: प्रत्येक खिडकीला आतून दुसरी चौकट, तावदानासकट. सुतार मापं घ्यायला यायचे वेगळे पैसे मागतो. मी मॅट्रिक आहे, गणितात बऱ्यापैकी मार्क होते. मला माप घेता येत नाही?

घरात टेप नाही. धाकटी लेक म्हणाली, शेजारून आण ना. शेजारणीकडून टेप आणली की तिला महिनाभर आपली इस्त्री द्यावी लागते. देवाने हात कशाला दिलेत? वितीने मोजलं. आईची खोली: रुंदी चार वीत, उंची सहा वीत दोन बोटं. बाकीच्याही अशाच. न्हाणीघराची खिडकी उंचावर, तिथे माझा हात पोचेना, म्हणून ह्यांना स्टुलावर चढवलं. हे म्हणाले, अगं, तुझी वीत आणि माझी वीत सारखी कशी? म्हटलं, इतकी वर्षं संसार चाललाय तो कोणत्या मापाने?

मग त्यांनी आपल्याच वितीने मोजलं.

१० ऑक्टोबर
सुताराकडे कागद दिला. त्याने चष्मा वर करून विचारलं, ताई, ही वीत कोणाची धरायची? असल्या प्रश्नांवरूनच माणसाचं शिक्षण कळतं. म्हटलं, माणसाची, आणखी कोणाची? त्यावर तो हसला आणि कागदावर स्वतःचा पंजा पसरून बघितला. पंजा कसला, सूप आहे.

सगळे पैसे आधी दिले तर सूट देतो म्हणाला. दिले. सूट सोडून देणं म्हणजे लक्ष्मीला पाठ दाखवणं.

२४ ऑक्टोबर
चौकटी आल्या. काम सुबक, पॉलिश चकचकीत.

पहिली आईच्या खोलीला लावून बघितली, तर खिडकी तिच्या आतून नुसती डोकावत होती. दुसरी, तशीच. तिसरी तर भिंतीवरच्या आरशालाही पुरून उरली. मी सुताराला म्हटलं, डोळे कुठे होते? तो म्हणाला, ताई, सूतभर चूक दाखवा, पैसे परत. आणि त्याने वीत टाकून दाखवली. बरोबर चार. मी टाकली, सव्वापाच. धाकटी खुर्चीवरून खाली आली हसून हसून.

कापून दे म्हटलं, तर तावदानं काढा, कापा, पुन्हा बसवा, दुप्पट खर्च. म्हणाला, त्यापेक्षा भिंत फोडून खिडक्या मोठ्या केलेल्या स्वस्त पडतील. चेष्टा करत होता की कोटेशन देत होता, कळलं नाही.

न्हाणीघराची मात्र खटकन बसली. तेवढी एकच ह्यांच्या वितीची होती, आणि ह्यांची वीत सुताराएवढीच. हे संध्याकाळपर्यंत तीनदा न्हाणीघरात जाऊन आले, आणि दर वेळी शीळ घालत.

२७ ऑक्टोबर
अडचणीत डोकं चालतं ते माझंच. चौकट खिडकीत बसत नाही ना? मग खिडकीवर बसवायची. खिळे ठोकले, सुतळीने चौकटी टांगल्या, भिंत आणि चौकट यांच्यामधल्या फटीत जुने कपडे कोंबले. सिस्टीम छान झाली. उलट मापात बसल्या असत्या तर कपड्यांची ही ऊब मिळालीच नसती.

२८ ऑक्टोबर
ह्यांना ऑफिसची पँट सापडत नाही. ती जुनी नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

३ नोव्हेंबर
उरलेल्या फटींवर मैद्याच्या खळीने वर्तमानपत्रं चिकटवली. खिडक्या, आईच्या खोलीचं मागचं दार, सगळं बंद. आता मुंगी आत येणार नाही.

५ नोव्हेंबर
मुंग्यांचं सोडा. उंदीर येतात. खळ त्यांना फार आवडलेली दिसते. हे म्हणाले, बिचारे अग्रलेखाच्या पलीकडे जात नाहीत, अर्थकारणाच्या पानाला तर तोंडच लावत नाहीत. पुन्हा चिकटवलं. खळीत कडू औषध घातलं.

९ नोव्हेंबर
हवा इतकी छान आहे की दुपारी स्वेटर काढावा लागला. सिस्टीम काम करते आहे. धाकटी म्हणाली, आई, बाहेरसुद्धा गरम आहे. मुलीला श्रद्धा म्हणून नाही. मी आठ दिवसांपूर्वीच देवाला म्हटलं होतं की थंडी जरा पुढे ढकल.

वहिनीला पत्र टाकलं. खोली तयार. 'उबदार' हा शब्द तीनदा आला पत्रात, पण खोडला नाही.

१५ नोव्हेंबर
आईच्या खोलीतली धुराड्याची शेगडी पेटवून बघितली. धूर वर जायचा सोडून पाहुण्यासारखा खोलीतच बसला. आधी वाटलं, ओल्या पोत्यातला कोळसा. वाळलेला घातला. तरी तेच. ह्यांचं डोकं दुखायला लागलं, मला घरातले देव दिसेनात. धाकटी ओरडली, अगं खिडकी उघडा, जीव जाईल! उघडते कशाने? आत चौकट, तिच्या आत पँट, तिच्या आत अग्रलेख. शेवटी ह्यांनी वरचं एक तावदान फोडलं.

धाकटी म्हणते, बाहेरून हवा आत आल्याशिवाय धूर वर जातच नाही, शाळेच्या पुस्तकात आहे. आमच्या वेळी नव्हतं.

आता स्थिती अशी: शेगडी पेटवली की खिडकी उघडी हवी, खिडकी लावली की शेगडी विझवावी लागते. हे म्हणाले, चला, निवड तरी आपल्या हातात आहे, धूर हवा की गारठा.

तावदान फुटलं तिथे गोणपाट लावलं. वास येतो, पण ताजा.

२१ नोव्हेंबर
वहिनीचं पत्र. सरळ विचारलं आहे. वन्सं, राग मानू नका, खोली खरंच उबदार आहे ना? डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं आहे, म्हणून विचारते. नसेल तर तसं लिहा, कोणी काही म्हणणार नाही. आई मात्र पिशवी भरून बसल्या आहेत, रोज तुमच्या दादाला विचारतात, गाडी कधीची.

पिशवी भरून बसल्या आहेत, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

हे म्हणाले, खरं काय ते लिही. म्हटलं, खरं काय? थंडी अजून आलीच नाही, तर खोली थंड आहे असं लिहिणं खोटंच नाही का होणार? मी 'या' म्हणून लिहिलं. पत्र पेटीत टाकताना देवाचं नाव घेतलं. पेटी बर्फासारखी लागली हाताला. लोखंड असतंच गार.

२५ नोव्हेंबर
थंडी आली. नुसती आली नाही, सामानसुमान घेऊन आली. नळ सकाळी गोठलेला. देव परीक्षा बघतो, पण जरा आधी कळवावं.

घरात उबदार जागा एकच, न्हाणीघर. चौकट चपखल, बंबाची धग. हे पेपर घेऊन आत जातात ते बाहेरच येत नाहीत. धाकटी अभ्यास तिथेच करते. आज मी भाजी चिरायला गेले तर आतून दोघं एकदम म्हणाली, जागा नाही!

२६ नोव्हेंबर
आईची खाट न्हाणीघरात मावते का ते मोजून बघितलं. मावत नाही. शेजारणीची टेप आणली होती.

२८ नोव्हेंबर
आई आली! दादाने हातमोजे न काढताच घर बघितलं आणि चौकटींकडे बघून म्हणाला, हे काय, प्रदर्शन? चहा पिऊन लगेच परत गेला, कामं होती.

आई खोलीत शिरली, खाटेवर बसली, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, छान ऊब आहे गं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ऐकलंत? बोलताना तिचे दात वाजत होते, पण ते दात नवे आहेत, अजून बसायचे आहेत. टोपी तिने झोपतानाही काढली नाही. सवय.

३० नोव्हेंबर
आई खोकते. प्रवासाचा शीण.

दिवसभर आम्ही चौघं न्हाणीघरात. आई स्टुलावर, माझ्या राखाडी शालीत, पाय गरम पाण्याच्या बादलीत. धाकटीला सांगत होती, तुझी आई लहानपणी आंघोळीला इतकी पळायची की मी तिला न्हाणीघरात कोंडायचे, आणि आज बघ, तिने मला कोंडलंय. हे इतके हसले की बंबाला कोपर भाजलं. आईही हसली, आणि हसता हसता खोकली, आणि मग खोकतच राहिली. धाकटीने पाठ चोळली. हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, कोपराला मलम लावायला.

किती वर्षांनी आई माझ्या घरात हसली, ते लिहून ठेवते.

२ डिसेंबर
डॉक्टर आले. आई पटकन म्हणाली, अहो, हा खोकला मी घरूनच घेऊन आले, हिच्याकडे उलट कमी झाला. छाती तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, खोली कुठली? दाखवली. गोणपाट, अग्रलेख, ह्यांची पँट, सगळं बघितलं त्यांनी. पुढच्या खोलीत येऊन हळू आवाजात म्हणाले, बाई, आईंना इथे ठेवू नका. आजच्या आज हलवता आलं तर बरं.

मी म्हटलं, नव्या चौकटी करून घेते, या खेपेला टेपने. ते खाली बघत बॅग आवरायला लागले.

३ डिसेंबर
सकाळीच दादा दारात. ह्यांनी त्याला तीस तारखेलाच नाक्यावरच्या दुकानातून फोन केला होता. मलम नव्हतं ते. मी ह्यांच्याशी बोलत नाही.

आईची पिशवी मी भरली. ती म्हणाली, अगं, थोडं इथेच राहू दे, पुढच्या हिवाळ्यात वापरीन. दारात थांबून भिंतीवरच्या त्या मोठ्या चौकटीला हात लावला आणि म्हणाली, काम मात्र देखणं केलंय हो सुताराने. मी सुताराला शिव्याच द्यायला लागले, तिने माझा हात धरला. हात तापलेला होता तिचा.

गाडीत तिने काच खाली केली नाही. मीच म्हटलं होतं, करू नकोस म्हणून.

५ डिसेंबर
हे म्हणाले, चौकटी काढू का? मी तवा घासत राहिले. त्यांनी काढल्या. पँट मिळाली, घालण्यासारखी राहिली नाही. आईच्या खोलीत शेगडी पेटवली, खिडकी किलकिली ठेवली, आणि धूर सरळ वर गेला. खोली ठीकठाक तापली. त्या रिकाम्या खोलीत मी थोडा वेळ बसले आणि मग कोळसा वाया जातो म्हणून विझवली.

पोथी उघडली. लक्ष लागलं नाही. मिटली.

९ डिसेंबर
दादाकडून काही नाही. पोस्टमन आला, शेजारणीला तिचं पत्र देऊन गेला.

आज वहिनीला पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

वहिनींस सप्रेम नमस्कार. आईला लवकर पाठवावं लागलं, त्याचं कारण यंदा थंडीच वेळेवर आली नाही आणि आली ती एकदम. आमच्या खोलीत तसा दोष नाही. आता तर ती छान तापते. असो. आईला दूध कोमट नको, गरम लागतं, पण ती मागणार नाही. उशी उंच लागते, तेही सांगणार नाही. छान आहे म्हणाली तर विश्वास ठेवू नका, ती सगळ्यालाच छान म्हणते. रात्री तुम्ही तिच्या खोलीत झोपता, असं दादा म्हणाला होता. तशाच झोपत जा. माझी आठवण काढते का, ते विचारत नाही. ताप उतरला का, आणि खोकला कसा आहे, तेवढं उलट टपाली कळवा.