लेकीच्या खोलीतला तडा

३ जून, सोमवार
यंदा बारावीला क्वांटम मी शिकवणार. इतकी वर्षं उतारावरून गोळे सोडून कंटाळा आला. गोळा कुठे आहे, किती वेगात आहे, कळलं की पुढचं सगळं ठरलेलं. तुम्ही बघा, नका बघू, त्याला फरक पडत नाही. क्वांटमची गोष्टच वेगळी. मोजेपर्यंत काहीच पक्कं नाही, नुसत्या शक्यता. आणि मोजायला गेलात की परिस्थितीच बदलते. माझ्या स्वभावाचं शास्त्र!
लेकीच्या खोलीत छताला तडा गेलाय म्हणे. बायकोचं म्हणणं. बघू.

५ जून, बुधवार
पाहिला. केसाएवढा. बायको म्हणते, माझ्या इंजिनिअर भावाला दाखवू. मेहुणा आला की काहीतरी शोधूनच काढणार. संकल्प: रविवारी स्वतः पुट्टी भरणे.

९ जून, रविवार
पुट्टी राहिली. पाठ धरलीय. बायकोने तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. छत हललं तर काच तडकेल म्हणे. माझ्या घरात प्रयोग, तोही मला न विचारता!

१२ जून, बुधवार
काच तडकली. काचच हलकी होती. शिवाय बायको सारखी वर बघायची. इतकं निरीक्षण कोण सहन करेल? तुकडे काढून टाकले.
वर्गात एका मुलीने विचारलं, हे नियम टेबलाला, घराला का लागू होत नाहीत. सांगितलं, असंख्य कण एकत्र आले की शक्यतांचा खेळ पुसला जातो, मोठ्या वस्तूला गोळ्याचेच नियम. उत्तर झकास जमलं.

१५ जून, शनिवार
मेहुणा न बोलावता आला. काठीने छत ठोकलं. पोकळ वाजलं. चहा तसाच टाकून म्हणाला, भाचीला आजच्या आज इथून हलवा. मी त्याला शक्यता समजावल्या. लेक मात्र माझ्या बाजूची. बाबा म्हणतात ना काही होत नाही, मग मी इथेच झोपणार, असं तिने आईला ठणकावलं. ऊर भरून आला.

१६ जून, रविवार, सकाळ
लेकीच्या उशीवर सिमेंटची पूड. केसांतही. बायकोच्या नजरेला पडायच्या आत झटकली.

१७ जून, सोमवार
आज पुन्हा पूड, आणि बायकोच्या नजरेला पडलीच. ती लेकीला घेऊन भावाकडे गेली. लेक जायला तयार नव्हती, रडली. तिला शब्द दिला, तू येईपर्यंत मी तुझ्याच पलंगावर झोपतो. आता बघाच म्हणावं.

१८ जून
हॉलमध्ये झोपलो. तिचा पलंग आखूड पडतो.

१९ जून
हॉलमध्येच. लेकीच्या खोलीत डास आहेत.

२० जून
खोलीचं दार ओढून घेतलं. आत काहीतरी बारीक बारीक गळत असतं. न बघितलेलं बरं.

२२ जून, शनिवार, दुपार
छत आलं खाली. पलंग मोडला. उशीच्या जागी पंखा.
बायकोला फोन केला. तिला बोलताच येईना. मग लेकीने फोन घेतला. लागलं का, विचारलं. म्हटलं, नाही गं, मी हॉलमध्ये झोपतो. ती हळूच म्हणाली, तुम्हाला भीती वाटत होती, तर मला तिथे का झोपू दिलंत?
आवाज तुटतोय, असं सांगून मी फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.